झाड निजलें कीं गेलें?

मनुष्य गेला किंवा नाहीं हें सांगण्यास वैद्य बोलवावा लागतो. झाड गेलें हें मात्र घरांतील लहानथोर कोणीहि सांगून मोकळा होतो. पानें गळलीं कीं झाड संपलें आणि पानें हिरवीं आहेत तोंवर तें ठणठणीत, एवढ्या दोन सूत्रांत आपल्यापैकीं बहुतेकांचें वृक्षवैद्यक आटोपतें. अंगणांतील आंब्याच्या किंवा परसांतील शेवग्याच्या बाबतींत हें अज्ञान खपून जातें. कारण त्यांची काळजी भूमि आणि आकाश हीं दोघें वाहत असतात. परंतु ज्याचा सारा संसार वीतभर तबकांत मांडलेला आहे अशा बोन्साय झाडाचें जगणें-मरणें पुष्कळ वेळां ह्या एका निदानावरच ठरतें. थंडी सरून ऊन तापूं लागण्याच्या सुमारास अशीं किती तरी जिवंत झाडें उकिरड्यावर जात असतील आणि किती तरी मेलेल्या झाडांना श्रद्धेनें पाणी घातलें जात असेल! सन २०२५ च्या माघ-फाल्गुनांत आमच्या तुळजापुरच्या घरीं ह्या दोन्ही गोष्टी एकाच खोलींत घडूं पाहत होत्या. म्हणून तो अनुभव वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

बोन्साय हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे पसरट तबक आणि 'साय' म्हणजे लावलेलें झाड. ह्या कलेचें मूळ चीन देशांत. ती जपानांत गेली आणि तेथें तिला आजचें रूप आलें. हीं झाडें जातीनेंच बुटकीं असतात अशी पुष्कळांची समजूत असते; परंतु तसें नाहीं. वडाचें बोन्साय हें वडच. त्याचीं मुळें आणि शेंडे वेळोवेळीं छाटून त्यास लहान ठेविलेलें असतें, इतकेंच. तें उद्यां जमिनींत लावलें तर यथाकाल पारंब्या सोडूं लागेल. दुसरी समजूत मात्र ह्याहून घातक आहे. ती ही कीं, हीं झाडें दिवाणखान्यांत ठेवण्यासाठींच असतात. जपानांत तीं उघड्यावर ऊन, वारा, पाऊस घेत वाढतात. कांहीं विशेष प्रसंग असला म्हणजे थोडे दिवस तीं घरांतील 'तोकोनोमा' नांवाच्या कोनाड्यांत मांडतात आणि पुन्हां बाहेर नेतात. आपल्याकडे गौरी तीन दिवसांसाठीं घरांत येतात, तसाच तो मुक्काम. गौरींना कोणी वर्षभर कोंडून ठेवीत नाहीं.

आमच्या घरांत हा छंद आणला तो आमच्या थोरल्या बंधूंनीं. आम्ही त्यांना दादा म्हणत असूं. नोकरीनिमित्त पुण्यास असतां सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, जें ओकायामा शहरांतील कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेलें आहे, तें त्यांनीं पुष्कळदां पाहिलें आणि तेथूनच त्यांना जपानी पद्धतीच्या बागकामाचें वेड लागलें. निवृत्त होऊन ते तुळजापुरास आले तेव्हां त्यांच्या सामानांत पुस्तकांपेक्षां कुंड्या अधिक होत्या. अखेरीस त्यांतलीं तीन झाडें त्यांनीं जिवापाड जपलीं. एक पिंपळ, तो आमच्याच गच्चीच्या कठड्याच्या भेगेंत उगवला होता आणि भिंत फोडील म्हणून उपटावा लागला, तेव्हां दादांनीं तो तबकांत लावला. दुसरें नांदरूक, तें पुण्याच्या रोपवाटिकेंतून आणलेलें. तिसरा जुनिपर, तो परगांवीं असलेल्या पुतण्यानें भेट म्हणून पाठविलेला. तिन्ही झाडें गच्चीवर हिरव्या जाळीखालीं असत.

सन २०२४ च्या आश्विनांत दादा अंथरुणास खिळले. गच्चीवर जाणें होईना, तेव्हां झाडें आपल्याजवळ असावींत अशी इच्छा त्यांनीं बोलून दाखविली आणि तीन्ही तबकें खालीं बैठकीच्या खोलींत त्यांच्या पलंगाशेजारीं आलीं. कार्तिकांत दादा गेले. पलंग उचलला गेला. झाडें तेथेंच राहिलीं. तीं कोणीं हलवावींत, हें कोणास सुचेना. आणि वहिनींना विचारण्याचें धैर्य कोणास होईना. त्या त्या खोलींत येत, बसत, परंतु त्या कोपऱ्याकडे पाहत नसत.

एकत्र कुटुंबांत एखाद्या वस्तूची आबाळ होते ती बहुधा ती कोणाचीच नसते म्हणून. पण कधीं कधीं ती सर्वांची असते म्हणूनहि होते. दादांचीं झाडें म्हणून घरांतील प्रत्येकाला त्यांचा कळवळा. सकाळीं देवपूजा आटोपल्यावर आत्याबाई तांब्यांतलें उरलेलें पाणी त्यांत घालीत. दुपारीं धाकट्या सुनबाई भांडेंभर ओतीत. शाळेंतून आलेलीं मुलें आपल्या बाटल्या तेथेंच रिकाम्या करीत. त्यांतच कोणी तरी शेतांतून चांगली म्हणून काळी माती आणून तिन्ही तबकांवर बोट बोट पसरली. मराठवाड्याची ही काळी माती ज्वारीला आणि हरभऱ्याला सोन्यासारखी. परंतु पाणी प्याली कीं ती फुगते, तिच्यांतील पोकळ्या मिटतात आणि वाळली कीं ती भेगाळते. तबकांतल्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. दादा विटांचा चुरा, मुरूम, जाड वाळू आणि जुनें शेणखत ह्यांचें मिश्रण घालीत, तें एवढ्याचसाठीं. त्याच्यावर काळ्या मातीचें झांकण बसल्यावर आंतलें पाणी वाळेना आणि बाहेरची हवा आंत जाईना. प्रेमानें झाडें बुडत होतीं.

माघ लागेपर्यंत तिघांचीहि अवस्था कोणालाहि दिसेल अशी झाली. पिंपळाचीं पानें एकामागून एक गळून नुसत्या काड्या राहिल्या. नांदरुकाचीं पिवळीं पडून रोज चार-दोन खालीं येत. खोडाशीं कुबट वास येऊं लागला आणि पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणांचे पांढरे पुंजके दिसूं लागले. जुनिपर तेवढा जसाच्या तसा हिरवा होता. मग घरांत मतें पडूं लागलीं. एका पुतण्यानें भ्रमणध्वनीवर कांहींबाहीं वाचून भरपूर खत घालण्याचा सल्ला दिला. आत्याबाईंचें म्हणणें असें कीं, पिंपळ घरांत ठेवणें मुळांतच शास्त्राला धरून नाहीं. तोडला तर पाप आणि ठेविला तर दोष. तेव्हां त्याचें वाहत्या पाण्यांत विसर्जन करावें हें बरें. आणि एके दिवशीं स्वयंपाकघरांत कोणी तरी हलक्या आवाजांत बोलून गेलें कीं, "ज्याचीं झाडें, त्याच्यामागें गेलीं." बोलणारीच्या मनांत वाईट नव्हतें, परंतु तें वहिनींच्या कानीं पडलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं मात्र आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तीं झाडें न्या कोठें तरी. मला तीं रोज पुन्हां मरतांना पाहावत नाहींत."

झाडें टाकून देणें हें पांच मिनिटांचें काम होतें. परंतु त्यांतलें कोणतें खरोखर गेलें आहे, हें पाहिल्याशिवाय उचलणें आमच्या मनाला पटेना. आम्ही त्यांना एवढेंच म्हणालों कीं, "वहिनी, पाडव्यापर्यंत थांबा." त्यांनीं मान हलविली.

तुळजापुरांत राहणाऱ्या मनुष्यास निद्रा आणि मरण ह्यांतील भेद निराळा शिकवावा लागूं नये. बालाघाटाच्या डोंगरांतील ह्या आमच्या क्षेत्रीं श्रीभवानीची मूर्ति चल आहे. वर्षांतून तीन वेळां ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजविली जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत एकदां, विजयादशमीनंतर पौर्णिमेपर्यंत दुसऱ्यांदां, आणि पौषांत शाकंभरी नवरात्राच्या आधीं तिसऱ्यांदां. त्या दिवसांत सिंहासन रिकामें दिसलें म्हणून देवी गेली असें कोणी म्हणत नाहीं आणि लवकर उठावी म्हणून तिला कोणी हलवीतहि नाहीं. शाकंभरी ही तर अवर्षणांत आपल्या देहांतून शाकपाला उत्पन्न करून जगाला पोसणारी देवी. तिच्या जागण्याला तिथि असते. झाडाच्या जागण्यालाहि असते, ती पंचांगांत छापलेली नसते एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं आम्ही परीक्षा आरंभिली. ती करण्यास नखाहून मोठें हत्यार लागत नाहीं. बारीक फांदीची साल नखानें अगदीं किंचित् खरवडावी. सालीखालीं ओलसर हिरवी रेघ दिसली तर ती फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडें दिसलें तर मृत. शेंड्यापासून आरंभ करून खोडाकडे यावें. कारण झाड शेंड्याकडून मागें वाळत येतें आणि वरची काडी मेली म्हणून खालची मेलेली असतेच असें नाहीं. दुसरी खूण वाकवून पाहण्याची. जिवंत काडी लवते, मेलेली काटकन् मोडते. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ह्या एकाच कुळांतल्या झाडांना आणखी एक खूण असते; जिवंत भागास इजा झाली कीं पांढरा चीक येतो.

पिंपळाला नख लावतांच हिरवी रेघ दिसली आणि मोहरीएवढा चिकाचा थेंब आला. टोकाशीं असलेली अणकुचीदार कळी घट्ट होती, दाबली तरी पिचत नव्हती. वस्तुतः पिंपळ आपल्याकडे दरवर्षीं हिवाळ्याच्या शेवटीं जुनीं पानें टाकतो आणि थोडे दिवस उघडा राहून नवी पालवी घेतो. रस्त्याकडेचा मोठा पिंपळ असा उघडा दिसला तर कोणी हळहळत नाहीं. तबकांतला दिसला तर मात्र त्याच्या मरणाची वार्ता पसरते. नांदरुकाच्या शेंड्याच्या काड्या कोरड्या होत्या, परंतु निम्म्यापासून खालीं चीक येत होता. आणि जुनिपर, ज्याच्या हिरवेपणावर सर्वांचा भरंवसा होता, त्याची प्रत्येक फांदी खरवडली तरी आंत तपकिरी कोरडेपणाच निघाला.

ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. जुनिपर हा थंड हवेंतला, सूचिपर्णी कुळांतला वृक्ष. त्याला उघडी हवा, भरपूर ऊन आणि हिवाळ्यांत खऱ्या थंडींतली विश्रांति लागते. बंद खोलींत तो सहसा तगत नाहीं. ह्या कुळांतील झाडांच्या पानांची ठेवण अशी असते कीं, मुळें मेल्यावरहि तीं कित्येक आठवडे हिरवीं दिसतात. आपण तें आजारी आहे असें ओळखावें तोंवर तें जाऊन महिना झालेला असतो. तेव्हां जें उघडें होतें तें जगत होतें आणि जें हिरवें होतें तें गेलें होतें. घरानें केलेलें निदान बरोबर उलटें होतें.

आतां उपचार. पिंपळाला उपचार करावयाचा नव्हताच. त्याच्यावरची काळी माती काढून टाकणें, पाणी थांबविणें आणि त्याला उजेडांत नेणें एवढेंच पुरे होतें. पान नसलेलें झाड पाणी फारसें ओढीत नाहीं. त्यामुळें पानें असतांना जें पाणी योग्य तेंच पानें गळल्यावर अति होतें. नांदरुकाचें मात्र तबकांतून काढूनच पाहावें लागलें. मुळांपैकीं निम्मीं काळीं, मऊ आणि दुर्गंधी होतीं. बोटांनीं ओढलें कीं त्यांचें साल निघून हातांत येई. तीं स्वच्छ कात्रीनें घट्ट, फिकट भाग लागेपर्यंत कापलीं. जुनी माती धुऊन काढली. चाळलेला विटांचा चुरा, मुरूम आणि थोडी जाड वाळू ह्यांत झाड पुन्हां बसविलें आणि तें डुगडुगूं नये म्हणून सुतळीनें तबकाशीं बांधलें; कारण हलत्या झाडाचीं कोंवळीं मुळें तुटतात. मेलेले शेंडे छाटले, पिठ्या ढेकूण ओल्या फडक्यानें पुसून काढून निंबोळी तेलाचें पातळ पाणी फवारलें आणि वरून भोंकें पाडलेली पारदर्शक पिशवी सैल घातली, म्हणजे माघांतला कोरडा वारा त्याला शोषणार नाहीं. एरवीं हें काम उबदार दिवसांत, झाड वाढीस लागतांना करावयाचें असतें. परंतु मुळें कुजत असतां मुहूर्त पाहण्यांत अर्थ नसतो.

खत घातलें नाहीं. पुतण्यास ह्याचें आश्चर्य वाटलें. परंतु ज्वरानें क्षीण झालेल्या मनुष्यास आपण बासुंदी देत नाहीं, पेज देतों. जखमी मुळांना खतांतील क्षार सोसत नाहींत. नवी पालवी येऊन ती पक्की होईपर्यंत खताचें नांव काढूं नये.

उजेडाची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण ह्या बाबतींत आपले डोळे आपल्याला फसवितात. स्वच्छ दुपारीं उघड्यावरचा प्रकाश सुमारें एक लाख लक्स भरतो. खिडकीपासून थोड्या अंतरावर, खोलींत, तो बहुधा कांहीं शेंच उरतो. आपली बाहुली मोठी होते म्हणून आपणांस खोली लख्ख वाटते. झाडाला तशी सोय नाहीं. तें आंत उपाशी राहत असतें. तथापि उपाशी झाडाला एकदम फाल्गुनाच्या उन्हांत नेऊन ठेवणें हाहि अपायच. सावलींत वाढलेलीं पानें पातळ असतात, तीं एका दुपारींत करपतात. म्हणून पहिला आठवडा गच्चीच्या जिन्यांतल्या उजेडांत, दुसरा सकाळचें तासभर ऊन मिळेल अशा ठिकाणीं आणि तिसऱ्या आठवड्यानंतर जाळीखालीं, अशा पायऱ्यांनीं आम्हीं तीं वर नेलीं.

राहतां राहिलें पाणी. तें किती घालावें असें सर्वजण विचारतात; खरा प्रश्न केव्हां घालावें हा आहे. बोट पेराएवढें मातींत घालून पाहावें. ओल लागली तर परत फिरावें. तबक उचलून त्याचें वजन हातास ओळखीचें करून घ्यावें; कोरडें तबक हलकें लागतें. आणि घालावयाचें तेव्हां खालच्या भोंकांतून वाहीपर्यंत सावकाश, पोटभर घालावें. रोज घोट घोट पाणी ही दया नव्हे. आणि हें सारें एकाच हातानें व्हावें. पांच हातांची माया एका झाडाला पेलत नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्ही बोललों तें वहिनींनीं ऐकलें. नांदरुकाचीं मुळें कापीत असतां त्या केव्हां येऊन दाराशीं उभ्या राहिल्या तें आम्हांस समजलें नाहीं. पिंपळाकडे बोट करून त्यांनीं हळूच विचारलें, "भाऊजी, हें आहे का अजून?" आम्हीं सालीखालची हिरवी रेघ दाखविली. "आहे, वहिनी. निजलेलें आहे." त्या पुष्कळ वेळ तेथें उभ्या होत्या. मग जुनिपराकडे वळून म्हणाल्या, "आणि हें?" आम्हीं खरें तें सांगितलें. त्यांनीं नुसता त्याच्या फांदीवरून हात फिरविला. दुसऱ्या दिवसापासून पाण्याची झारी त्यांच्या खोलींत गेली, आणि घरांत सर्वांना कळलें कीं त्या झाडांना आतां दुसऱ्या कोणीं पाणी घालावयाचें नाहीं.

मग वाट पाहणें. बागकामांतील सर्वांत कठीण काम हेंच. कारण त्यांत हातांना करण्यासारखें कांहीं नसतें. महाशिवरात्र झाली, होळी झाली, पिंपळ काडीसारखा उभा होता. आत्याबाई एक-दोनदां खांकरल्या. पाडवा त्या वर्षीं ३० मार्चला होता. त्याच्या आठ-दहा दिवस आधीं टोकाची कळी फुगली, तिचें तांबूस वेष्टन गळून पडलें आणि आंतून तांब्याच्या रंगाचीं, मऊ, लकाकणारीं दोन पानें बाहेर आलीं. पाडव्यापर्यंत सारें झाड त्या रंगानें भरून गेलें. नांदरुकानें आणखी महिना घेतला. त्याची एक मोठी फांदी वांचली नाहीं आणि त्याची पूर्वीची डौलदार आकृति आतां एकांगी झाली आहे. परंतु तें आहे. पिंपळाबद्दल आत्याबाईंचीहि समजूत पटली. गच्चींतच जन्मलेला पिंपळ गच्चीवरच राहणार, तेव्हां तो घरांत आहे असें म्हणतां येणार नाहीं, असा निवाडा त्यांनींच दिला.

ह्या दिवसांत आम्हांस वारंवार आठवण होई ती हिरोशिमाच्या यामाकी घराण्याची. त्यांच्याकडे पाइन जातीचें एक बोन्साय होतें. त्याची जोपासना सन १६२५ च्या सुमारास सुरू झाली आणि कित्येक पिढ्यांनीं तें हातोहात सांभाळलें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं शहरावर अणुबाँब पडला तेव्हां स्फोटापासून सुमारें तीन किलोमीटरांवर, घराच्या आवारांत, भिंतीच्या आडोशास तें होतें आणि वांचलें. सन १९७६ मध्यें अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपाननें तिला जीं झाडें भेट दिलीं, त्यांत मासारु यामाकी ह्यांनीं हें झाड दिलें. तें वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आहे. ज्या राष्ट्राचा बाँब, त्याच राष्ट्राला दिलेल्या ह्या देणगीची पूर्वकथा तेथील लोकांना उमगली ती सन २००१ मध्यें, घराण्यांतले दोन नातू तें झाड पाहावयास गेले तेव्हां. तबकांतलें झाड आपल्या माणसांहून दीर्घायुषी असतें. म्हणून तें एकाच्या आयुष्याचें धन नव्हे, एकानें दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची ठेव आहे. ठेव देणारा गेला म्हणजे ती त्याच्यामागें जात नाहीं; ती कोणी तरी हातीं घेण्याची वाट पाहत असते.

ज्यांच्या घरीं अशीं झाडें असतील त्यांना आमची विनंती एवढीच कीं, थंडी सरतांना झाड उघडें दिसलें तर आधीं नख लावून पाहावें, मग दुःख करावें. हिरवें दिसलें तरी पाहावें. पाणी एका हातीं द्यावें, खताची घाई करूं नये, आणि चैत्र येईपर्यंत धीर धरावा. पुढच्या हिवाळ्यांत आमचीं दोन्ही झाडें गच्चीवरच होतीं. थंड रात्रीं वहिनी त्यांना भिंतीच्या उबेला सरकवून ठेवीत आणि पौषांत पिंपळाचीं पानें पिवळीं पडूं लागलीं तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. जुनिपराचें तबक रिकामें आहे. त्यांत काय लावावें हें वहिनींनीं अजून ठरविलेलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलेलें नाहीं.